थंयचो तलाठी

आचऱ्याच्या खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो मी.
त्याआधी सोळा महिने दक्षिणेच्या बर्फावर
देशाच्या ठाण्यात जनरेटर सांभाळले.
एवढंच. संशोधन करणारे दुसरे होते,
मी फक्त डिझेल गोठू दिलं नाही.

परतलो तेव्हा भिवा तोरसकर
रापणीच्या जाळ्याचा फाटका पदर
पायाच्या अंगठ्यात अडकवून शिवत होता.
पेंग्विन कसा असतो, विचारलं नाही त्यानं.
थंडी किती, तेही नाही.
सुई दातांत धरून म्हणाला,
‘थंयचो तलाठी कोण रे?’

काय सांगणार.
म्हटलं, सात देशांनी नावं लावलीत.
घावनाचे तुकडे करावेत तसे,
टोकं सगळ्यांची ध्रुवाला.
तीन तुकडे एकमेकांवर चढलेले,
एक तुकडा कुणीच मागितला नाही.
मग करार झाला:
कुणाचा हक्क मान्य नाही,
कुणाचा अमान्यही नाही,
आणि नवा कुणी सांगायचा नाही.

‘म्हंजे जैसे थे,’ भिवा म्हणाला.

चुलत्यांबरोबर एकतीस वर्षं चाललेल्या दाव्यात
हाच हुकूम आहे त्याच्याकडे,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून फळीवर.
हुकूम शाबूत आहे. मांगर पडला.

बर्फावर तर तो हुकूम बजावलेलाच नाही.
एका दुपारी जेवत होतो,
तोफ उडावी तसा आवाज झाला
आणि समोरची कडा समुद्रात गेली.
आमच्या आचाऱ्यानं पुन्हा आमटी वाढली.
कुणाचे किती गुंठे कमी झाले,
पंचनामा नाही.

खाली कोळसा आहे, लोखंड आहे,
तेल असेल म्हणतात.
खणायचं नाही असं ठरलंय.
पण अठ्ठेचाळीस साल उलटलं
की सह्या करणाऱ्यांपैकी कुणीही म्हणू शकतो,
बसा, परत बोलूया.
भिवानं बोटांवर वर्षं मोजली, अर्ध्यात सोडली.
‘मगे तेची रेडी करतले,’ म्हणाला,
आणि लाल धूळ झटकावी तशी मांडी झटकली.

बंदी खणण्याला आहे.
उपसण्याला कोटा आहे.

पलीकडच्या खाजणात कोळंबीचे तलाव झाले,
तिथला पंप बंद पडला म्हणून गेलो होतो.
खाद्याच्या गोणीवर, बारीक अक्षरांत, घटक: क्रिल.
ओळखीचं निघालं.
जहाजाच्या पाण्याच्या गाळणीत अडकायचं ते,
करंगळीएवढं, गुलाबी,
डोळे मोहरीसारखे. मी ब्रशनं काढायचो.
देवमाशाच्या तोंडातला घास
अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता
आमच्या खाजणात, पंचवीस किलोच्या पॅकिंगमध्ये.
गोणीवर कारखान्याचा पत्ता होता.
समुद्राचा नव्हता.

त्या रात्री बारा मैलांच्या आत
एलईडीचे दिवे लागले, नेहमीसारखे.
गस्तीची नौका निघेपर्यंत विझले.
सकाळी रापणीला आठ टोपल्या, त्यात दोन नुसत्या जेलीफिशच्या.

एक गोष्ट ठाण्यात कुणाला सांगितली नव्हती.
तिथून खडासुद्धा उचलायचा नाही असा नियम.
मी एक आणला. मोज्यात घालून.
काळा, एका बाजूनं घासलेला, फार काही नाही.
भिवाच्या तळहातावर ठेवला.
त्यानं वजन पाहिलं,
जाळ्याचं शिसं पाहतात तसं.
‘चोरलंस?’
म्हटलं, चोरी व्हायला धनी लागतो.
तो बराच वेळ गाठ मारत राहिला.
‘धनी नाय म्हणान चोरी नाय,
असा खंय लिवलेला आसा?’

खडा परत करायचा तर पत्ता काय घालू?
सध्या पावतीबुकावर ठेवलाय.
खाडीचा वारा सुटला
की पावत्या उडत नाहीत.